दुधाचा मधुमेह

आमच्या गावच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. डेन्मार्कमधल्या युटलंडची माणसं सहसा कशानेच थक्क होत नाहीत, पण त्या दिवशी सगळ्यांची कॉफी हातातच गार झाली. पडद्यावर सूक्ष्मदर्शकातून शेजारच्या बोदिलच्या रक्तातल्या पेशी दिसत होत्या, सांडलेल्या मण्यांसारख्या.

वैदू थोर्किलने तळहात उचलला. "पेशींनो, आजार सोडा, रांगेत या!"

आणि पेशी खरोखरच एकमेकींना चिकटून सरळ माळांत उभ्या राहिल्या.

"बेकरीत नंबर घेऊनही आपण इतके सरळ उभे राहत नाही," सत्तरीची बोदिल खुशीत म्हणाली. मग माझ्या कानाशी लागली, "चार दिवस इन्शुलिन बंद ठेवलंय. आता गरजच काय?"

माझं हसू तिथेच मावळलं. मी पुढे सरकले. तपासणीसाठी रक्त पातळ करताना मिठाचं पाणी वापरतात. थोर्किल 'झऱ्याचं गोड पाणी' घालत होता. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेच्या कडेला केसाएवढ्या दोन तारा होत्या. आणि दरवेळी हात वर जायच्या आधी त्याचा बूट खाली जायचा.

"काच तुझी, पाणी तुझं. थेंब माझा," मी म्हणाले आणि कॉफीचं दूध त्या पाण्यात मिसळून काचेवर ठेवलं.

"दुधाला आत्मा नसतो गं. मी नाही हात उचलणार."

"नको उचलूस. पाय तेवढा बाजूला घे."

टेबलाखालचं बटण मी दाबलं. दुधातले चरबीचे गोळे मुकाट्याने रांगेत आले.

"अरे वा!" बोदिल ओरडली. "दुधाचाही मधुमेह गेला!"

सभागृह हसून लोटपोट झालं. हशा ओसरल्यावर मी सांगितलं: तारांमधल्या विजेमुळे प्रत्येक कणाचं एक टोक धन होतं, दुसरं ऋण, मग शेजारी शेजाऱ्याला ओढतो. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहून जाते, म्हणून त्याच्या 'गोड पाण्यात' मिठाऐवजी साखर. मी काम करते त्या प्रयोगशाळेत अशीच विजेने पेशींची निवड करतात, प्रकाशाच्या झोताने एकेक पेशी उचलतातही. तो चमत्कार नाही, म्हणूनच रोज जमतो.

"मग माझी साखर?"

"मोजून बघ."

बोदिलने पर्समधलं यंत्र काढून बोट टोचलं. आकडा भलताच चढलेला होता. तिने यंत्र थोर्किलच्या नाकासमोर धरलं. "घे, याला उभं कर रांगेत!"

तिला मी तिथूनच डॉक्टरांकडे नेलं. इन्शुलिन पुन्हा सुरू झालं.

काय हललं ते डोळ्यांना दिसतं. कशाने हललं ते विचारावं लागतं. खुशाल विचारा, मोठ्याने विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत औषध सोडू नका.