तीर्थनवरून आलेला फोन

मे उजाडला की सदानंद राऊतांचं घरात लक्ष लागत नसे. वालीवच्या कारखान्यात नोकरीला होते तेव्हापासून ते दर उन्हाळ्यात हिमाचलात, तीर्थन नदीवर, ट्राउट मासे धरायला जात. गळावर पिसं नि दोरा गुंडाळून बांधलेली खोटी माशी पाण्यावर अलगद सोडायची, मासा भुलला की खेळवत जवळ आणायचा आणि परत सोडून द्यायचा. मनोरमाबाई दर वर्षी त्यांची बॅग भरून देत आणि हसत, "एवढ्या लांब जायचं नि हात हलवत परत यायचं!"

यंदा त्यांच्या हृदयात स्टेंट बसला. थंडगार पाण्यात उभं राहायचं नाही, निसरड्या दगडांवर चढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पण सकाळी जूचंद्रच्या घरामागे, भात कापून झालेल्या सुक्या शेतात सदानंद गळाचा रॉड घेऊन उभे राहत आणि ढेकळांवर दोर फेकत. एकदा मनोरमाबाई चहा घेऊन आल्या नि तिथंच थांबल्या.

"मला शिकवा."

"तुला? कशाला?"

"शिकवा तर खरं."

पहिल्याच फेकीला दोर त्यांच्या पदरात गुंतला. सदानंद खळखळून हसले, आजारपणानंतर पहिल्यांदाच. "मनगट सैल सोडू नकोस. मागे नेलास की थांब. दोर सरळ होऊ दे, मग पुढे." रोज सकाळी हेच चाललं. हळूहळू माशी हव्या त्या ढेकळावर टेकू लागली.

मग एके दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "संपदाला रजा मिळतेय. आम्ही मायलेकी तीर्थनला जाऊन येतो."

सदानंदांचा घास हातातच राहिला. बायको थट्टा करत नव्हती. त्यांनी शेजारच्या आलोशियसकडून गावठी कोंबड्याची पिसं आणली, दोघींसाठी माश्या बांधल्या, आणि या वेळी बॅगही त्यांनीच भरली.

त्या दोघी गेल्यावर एका दुपारी, घामानं बनियन अंगाला चिकटलेलं असताना फोन वाजला.

"अहो, लागला! अंग पिवळंधमक, वर लाल ठिपके. असा ओढत होता म्हणून सांगू!"

"सोडलास?"

"सोडला. क्षणभर तळहातावर थांबला नि गेला." मग मनोरमाबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं आलात. मला एकदाही चल म्हणाला नाहीत."

"तुला कंटाळा येईल असं वाटलं."

"विचारायचं तरी."

"फोन जरा पाण्याजवळ धर," ते म्हणाले. दगडांवरून धावणारं पाणी कानात शिरलं आणि त्यांनी डोळे मिटले. गुडघ्यांपर्यंत तो गारवा चढत आला. पण डोळ्यांपुढे मात्र नदीतली मनोरमा होती, साडी खोचून उभी, त्यांनी कधीच न पाहिलेली.

"परवा निघताय ना?" त्यांनी विचारलं.

"आणखी थोडे दिवस राहावं म्हणतोय. चालेल ना?"

"राहा की," ते म्हणाले. "सावकाश या."

फोन ठेवून ते ओट्यावर येऊन बसले. नदीची ओढ त्यांच्या अंगवळणी पडली होती. घरी बसून कुणाची वाट पाहणं मात्र त्यांना नवीन होतं, आणि ते फार जड जात होतं.