ढगाखालचं हिरवं

यंदाच्या हंगामाचा नकाशा बिनभोकाचा निघाला तर आपल्याला काय काय मिळणार, ते ताईने मनाशी मांडून ठेवलं होतं. नऊ वर्षं दर अकरा महिन्यांनी नव्याने सही करायची नोकरी कायमची होणार. खिडकीजवळचं टेबल मिळणार. आणि पाहुण्यांसमोर साहेब "या आमच्या मदतीला असतात" अशी ओळख करून देतात, ते थांबणार. या तिसऱ्या बाबीचं वजन तिच्या लेखी पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त होतं, पण ते ती कबूल करायची नाही.

घरात ती थोरली म्हणून ताई, ऑफिसात जुनी म्हणून ताई. काम असं, की उपग्रह रोज समुद्रावरून जाई आणि पाण्याचा रंग टिपे. पाण्यात बारीक शेवाळ माजलं की हरितद्रव्य वाढतं, पाणी हिरवट होतं आणि शेवाळामागे मासळी येते. आठ दिवसांची चित्रं जोडून ताई एक नकाशा करी. तो मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लागे. होडी कुठे न्यायची ते लोक त्या फळ्यापुढे उभे राहून ठरवत. तिचा धाकटा भाऊही तिथे असे, जरा ऐटीतच. "आमच्या ताईने काढलाय," हे तो कुणी न विचारताच सांगे.

अडचण ढगांची. ढगाखालचं उपग्रहाला दिसत नाही, तिथे नकाशात पांढरं ठिगळ राहतं. यंदा ऐन मोक्याला तीन आठवडे आभाळ भरलेलं, त्यामुळे नकाशा उंदराने कुरतडल्यासारखा दिसत होता.

"हे असं वर पाठवू?" साहेब म्हणाले. "लोक म्हणतील, एवढा उपग्रह सोडून तुम्हाला दिसले काय, तर ढग."

"ढगच होते, साहेब."

"बारा वर्षांची सरासरी आहे ना आपल्याकडे? ठिगळं भरा तिने. सगळे भरतात."

"यंदा वारा उशिरा आहे. शेवाळाला पोसणारं खालचं गार पाणी अजून वर आलं नसेल, तर हिरवं तिथे नसेलही."

"नसेलही म्हणजे असेलही. कायम करायच्या यादीसोबत हाच नकाशा जोडायचाय, ताई. तुमचं तुम्ही बघा."

ताईने तिचं तिने बघितलं. सरासरी घातली, आणि पाच मिनिटांत समुद्र हिरवागार झाला. खोटं त्यात काही नव्हतं. नियमाप्रमाणे तिने दुसरी फाईलही जोडली; कुठला ठिपका पाहिलेला आणि कुठला भरलेला, ते त्यात असतं. ती फाईल आजवर कुणी उघडली नव्हती. हे तिला पक्कं माहीत होतं, कारण कोण काय उघडतं याची नोंद तीच ठेवायची.

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला.

"बाहेरच्या पट्ट्यात काय हिरवं दाखवलंयस गं. दोन दिवसांची वाट आहे. इंजिन कुरकुरतंय, पण जाऊन येतो म्हणतो. तू बघितलंयस ना?"

"नाही" असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण धाकट्याच्या पोटात काही राहत नाही. तो सोसायटीत बोलणार, सोसायटी साहेबांना विचारणार, आणि यादी मंगळवारी जायची होती.

"नकाशात आहे ते आहे," ती म्हणाली.

"मग झालं तर."

नवव्या दिवशी होडी परत आली, ती दुसऱ्या होडीच्या दोराला बांधून. इंजिन बाहेरच्या पट्ट्यातच बसलं होतं. माणसं धड होती. बर्फाचं पाणी झालं होतं.

ताई भेटायला गेली. भावजयीने चहा पुढे ठेवला.

"आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार," धाकटा हसत म्हणाला. "पाणी कसलं निळं होतं, ताई. तळ दिसेल असं. वरून हिरवं कसं काय दिसलं गं?"

"ढग होते," ताई म्हणाली.

"ढग होते, तर दिसलं कसं?" भावजयीने विचारलं.

ताई चहावरची साय बघत राहिली. लाज वाटेल, रडू येईल, अशी ती वाट पाहत होती. काहीच आलं नाही.

"अगं, यंत्राचं असतं ते," धाकटा बायकोला म्हणाला. "आपल्याला काय कळतंय त्यातलं. ताईला उगाच कशाला विचारतेस."

पुढच्या महिन्यात कायम झाल्याचं पत्र आलं. टेबलही मिळालं; खिडकीतून पलीकडच्या इमारतीची भिंत दिसते. पाहुणे आले की साहेब म्हणतात, "नकाशे या करतात." एका दुपारी तिने ती दुसरी फाईल उघडली. बाहेरचा पट्टा सगळा भरलेला. उघडल्याची नोंद झाली, एक.

आता हिशेब. साहेबांचं काही गेलं नाही. सोसायटीने फळ्यावर पुढचा नकाशा लावला. ताईला जे हवं होतं ते ठरल्याप्रमाणे तिन्ही मिळालं. धाकट्याची होडी वाळूत आहे, तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो. कामावर जाताना फळ्यावरून जातो, पण थांबत नाही, आणि नकाशा कुणी काढलाय ते कुणाला सांगत नाही.