उलटून न पाहिलेली शिलाई

मित्रांनो, गिरडला दर्ग्याच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शोभाबाईंचं शिवणाचं दुकान आहे. तिथे दाराशी, उजेडाला ठेवलेली जुनी काळी पायमशीन म्हणजे मी. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी कधीच पुसली गेली. तरी तेलपाणी वेळेवर मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. मला स्वस्थता नाही ती दुसऱ्याच कारणानं, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

शोभाबाईंच्या लग्नात मी या घरी आले. शाळेचे गणवेश, ब्लाउज, झबली, काय काय शिवलं. सणासुदीला माझं चाक थांबत नसे. मग रेडिमेड कपडे आले आणि मला कोपऱ्यात ढकलून वर पोतं टाकलं गेलं. पुढे शोभाबाई मुलींना शिवण शिकवू लागल्या, तेव्हा कुठे मी परत दाराशी आले. त्यांचा एक नियम होता. शिवलेला कपडा हातात आला की आधी उलटा करायचा. "वरून सारंच साजरं दिसते," त्या म्हणायच्या, "शिलाई आतून पाहत जा."

शिकायला येणाऱ्या मुलींत सगळ्यात हुशार स्वीटी. दोन वर्षांपूर्वी एक गोड बोलणारी बाई दुकानात आली. सुरतेच्या कारखान्यात शिवणाऱ्या मुली हव्यात म्हणाली. स्वीटीनं शिवलेला फ्रॉक तिनं घेतला, "छान" म्हणाली आणि घडी करून ठेवून दिला. फोटो मात्र स्वीटीचे चारी बाजूंनी काढले. शोभाबाई आपल्या विद्यार्थिनीच्या कौतुकानं इतक्या फुलल्या, की स्वतःचाच नियम विसरल्या. प्रवासासाठी त्यांनी तिला नवा ड्रेस शिवून दिला. त्या ड्रेसवर टीप मीच घातली, मित्रांनो. ते मला आजही टोचतं.

कारखाना नव्हताच. सतरा वर्षांच्या स्वीटीला त्या बाईनं विकलं होतं. तिला एका खोलीत कोंडलं, मारलं, तिच्या शरीराचा धंदा केला. वर्षभरानं पोलिसांनी सोडवलं तेव्हा ती घरी आली. गावानं काय करावं? विकणारी कोण होती, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी स्वीटीचंच नाव चघळलं. शेजारच्या वच्छलाबाई तर तिच्या देखत म्हणाल्या, "शोभाबाई, माया ब्लाउजचं माप तुमीच घ्या. हिचा हात नोको."

शोभाबाईंनी तरीही स्वीटीला माझ्यासमोर बसवलं. ती दाराकडे पाठ करून काम करायची. त्या बाईबरोबर ती एसटीनंच गेली होती; रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला की तिचा पाय पायडलवर थबकायचा, आणि माझं चाकही.

यंदा दिवाळी झाली आणि एका दुपारी वच्छलाबाई आपल्या सोळा वर्षांच्या दिपालीला घेऊन आल्या. सोबत एक अनोळखी बाई, दिपालीच्या खांद्याला भरलेली बॅग. पोरगी मोठ्या शहरात शिवणाच्या नोकरीला निघाली होती, शोभाबाईंच्या पाया पडायला आली होती. दिपालीनं आपण शिवलेला ब्लाउज दाखवला. त्या बाईनं तो हातात घेतला, "मस्त आहे" म्हणाली, घडी घातली आणि मोबाइल काढून दिपालीचे फोटो घेऊ लागली.

स्वीटीचा पाय थांबला. हॉर्न वाजला नव्हता.

"काकू," ती उठून वच्छलाबाईंना म्हणाली, "हिनं शिलाई नाई पाह्यली."

"तू काऊन मधात बोलून राह्यली?" वच्छलाबाई खेकसल्या.

"माया फ्रॉक बी असाच घडी केलता. उलटून नाई पाह्यला."

शोभाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी दोऱ्याचं रीळ त्या बाईपुढे धरलं. "ताई, या मशीनमधी दोरा ओवून दाखवा."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. दोरा कुठून सुरू करायचा, हेच तिला कळेना. "आमच्याकडे विजेवरच्या मशीन असतात," ती म्हणाली आणि दिपालीचं मनगट धरलं. "चला, बस जाईल."

पण आता लेकीचं दुसरं मनगट वच्छलाबाईंनी घट्ट धरलं होतं. त्यांनी ते सोडलं नाही. शोभाबाईंनी मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावर फोन लावला, रस्त्यावरच्या माणसांनी दार अडवलं, पोलीस आले. बाईनं दिलेला कंपनीचा पत्ता खोटा निघाला. तिच्या मोबाइलमध्ये आणखी तीन मुलींचे फोटो होते. एक सापडली. दोघींचा शोध अजून चालू आहे.

आठवडाभरानं वच्छलाबाई नवं ब्लाउजपीस घेऊन आल्या. शोभाबाईंनी टेप उचलला.

"तुमी नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. त्या स्वीटीपुढे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात अंगापासून थोडे दूर धरले. "चुकलंच मायं. घे वं माय, माप."

स्वीटीनं शोभाबाईंकडून टेप घेतला आणि माप घेतलं. तो ब्लाउज मी त्याच दिवशी शिवला, आणि अशी सरळ टीप माझ्याकडून कित्येक वर्षांत पडली नव्हती.

मित्रांनो, कुणी नोकरीचं, लग्नाचं गोड बोलून न्यायला आलं, तर आतली शिलाई पाहा. विचारा, फोन करा, मोठ्यांना गप्प बसू देऊ नका. पण तेवढ्यानं माझी बेचैनी जात नाही. त्या मोबाइलमधल्या दोघी कुठे असतील? त्या परत येतील तेव्हा त्यांच्या गावात, त्यांच्यासमोर "घे वं माय, माप" म्हणत कुणी उभं राहील ना?