हर्षालीच्या गाठीत मला काय दिसलं

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. लोहारा तालुक्यातल्या एका दवाखान्यात खिडकीशेजारी माझी जागा आहे. बेडक्याच्या काचपट्ट्या पाहण्यात माझी वीस वर्षं गेली. "याच्यावानी नजर न्हाय कुणाची," असं आमचे तंत्रज्ञ बिराप्पा सांगायचे. पुढं क्षय शोधणारं नवं यंत्र आलं आणि माझं काम कमी झालं.

मागच्या उन्हाळ्यात हर्षाली आली. कडेवर दहा महिन्यांचं बाळ, सोबत सासू सिताबाई. हर्षालीच्या डाव्या स्तनात गाठ होती. बाहेरच्या डॉक्टरांनी गळू समजून दोनदा चिरा दिल्या होत्या, तरी जखम भरेना. सिताबाईंनी कॅन्सर ठरवून टाकला होता. बाळाला अंगावर पाजणंही त्यांनी बंद करवलं होतं.

डॉक्टरबाईंनी बारीक सुईनं गाठीतला अंश काढला. एक काचपट्टी तपासायला धाराशिवला गेली, थोडा अंश यंत्रात गेला आणि एक काचपट्टी रंगवून माझ्याखाली आली. बिराप्पा तासभर डोळा लावून बसले. अशा गाठीत जंतू फार थोडे असतात, पुष्कळदा दिसतच नाहीत. शेवटी निळ्या रंगात दोन लाल काड्या दिसल्या.

"मॅडम, सापडला! टीबी हाय."

यंत्रानंही तेच सांगितलं. धाराशिवच्या अहवालात कॅन्सरच्या पेशी नव्हत्या.

"स्तनाला बी टीबी होतो व्हय?" सिताबाईंनी विचारलं.

"होतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सहा महिने गोळ्या घेतल्या की बरा होतो. गोळ्यांनी लघवी लाल होईल, भिऊ नका. आणि बाळाला उजव्या बाजूनं खुशाल पाजू द्या."

हर्षालीनं तिथंच बाळाला पदराखाली घेतलं आणि मग ती रडली.

नियमाप्रमाणं घरच्यांचीही तपासणी झाली. सिताबाईंना महिनाभर खोकला होता. सुनेच्या दुखण्यात आपलं कुठं काढायचं, म्हणून त्या गप्प होत्या. त्यांच्या बेडक्याच्या काचपट्टीवर लाल काड्यांची दाटी होती.

"म्हंजी माझ्यामुळंच झालं का गं तुला?"

"ते कुणाला सांगता येणार न्हाय, आत्या," हर्षाली म्हणाली. "उद्यापासनं दोघी मिळून गोळ्या घेऊ."

बाळालाही बचावाचं औषध सुरू झालं. सहाव्या महिन्यात हर्षालीची जखम कोरडी झाली, गाठ विरली. सिताबाईंच्या काचपट्टीवर मला एकही काडी दिसली नाही.

मित्रांनो, माझी भिंगं मऊ कापडानं पुसा, एवढंच माझं मागणं आहे. पण घरात कुणाला गाठ असेल, दोन आठवडे खोकला असेल, तर आधी त्या माणसाला दवाखान्यात आणा. माझ्याखाली कुणाची अब्रू दिसत नाही, मित्रांनो. आजार तेवढा दिसतो.