उन्हाळ्यात वाढणारं पाणी

माझ्या पोटात एक रबरी गोळा आहे, मित्रांनो, आणि तो कधी स्वस्थ बसला नाही. मी एक जुना माउस, संगणकाला शेपटीने बांधलेला.

त्या वर्षांत वऱ्हाडावर पाऊस रुसला होता. विहिरींत पाणी किती, याचे आकडे गावोगावहून आमच्या अमरावतीच्या संस्थेत येत आणि टँकर आधी कुठे जायचा ते त्यावरून ठरे. आकडे तपासायचं काम इफ्फतताईचं. आले तसे बेरजेला लावणं तिच्या स्वभावातच नव्हतं. ती ते लहानमोठे लावून पाही, कोरे रकाने हुडके, मग प्रत्येक गावाच्या आकड्यांची पडद्यावर रेघ काढी. मला नुसतं पळवी. मी कुरकुरायचो, पण मला ते फार आवडायचं.

एका वैशाखात आमचे साहेब महादेवराव दारातूनच म्हणाले, "सरासरी निघाली न? धारणीकडं पाणी भरपूर दिसून राहिलं. त्याईले टँकर नको. यादी धाडून दे."

"थांबा न सर. सगळ्या रेघा उतरून राहिल्या, धारणीच्याच चढून राहिल्या. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी वाढते काय कुठी?"

"अवं, जंगल हाय तिकडं. काहून उकरून राहिली?"

यादी संध्याकाळी जायची होती. धारणीच्या रेघांवर ताई मला पुन्हा पुन्हा नेत होती. शेवटी तिने धारणीकडच्या विहिरी मोजणाऱ्या श्रावणला फोन लावला.

"श्रावणभाऊ, पाणी मोजता कसं?"

"दोर सोडतो न ताई. पाण्याले टेकला का, किती सुटला थे लिवतो."

ताईने मला त्या चढत्या रेघांवर आणून थांबवलं. बाकीचे विहिरीत पाणी किती उरलं ते लिहीत. श्रावण पाणी किती खाली गेलं ते लिहीत होता. आटत चाललेल्या विहिरीच आमच्याकडे भरलेल्या दिसत होत्या!

"काहून, चुकलं काय?" तो घाबरला.

"तुमी नाही, भाऊ. आमीच कधी विचारलं नाही."

महादेवरावांनी ऐकलं आणि यादी बदलली. पहिला टँकर पोचल्याचा फोन आला, तेव्हा कुठे ताईने माझं पोट उघडून गोळा ओढणीने पुसला. आपले डोळेही तिने त्याच ओढणीला पुसले.

पुढे ताई अकोल्याला गेली, बिनशेपटीचे माउस आले आणि मी खणात पडलो. वरून आवाज येतो. टिक, सरासरी. टिक, पाठवलं. माझा गोळा तळमळतो.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण आकडा खटकला तर माउसवरचा हात लगेच उचलू नका. त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी दोर धरून विहिरीत वाकलेलं असतं.