लेकराला मुसकं

मित्रांनो, मी एक जुनी चोखणी आहे. बाळ गप्प राहावं म्हणून त्याच्या तोंडात देतात, ती रबराची वस्तू. माझ्यात दूध नाही, पाणी नाही. तरीही मोठी माणसं माझ्यावर केवढा भरवसा ठेवतात, हे पाहून मला त्यांची कीव येते.

माझा जन्म साच्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. नव्वदच्या दशकात डोंगरकड्याजवळच्या एका तांड्यावरच्या संतोषने मला कळमनुरीच्या बाजारातून आणलं आणि आपल्या तान्ह्या मुलाच्या, रणजीतच्या तोंडात घातलं. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. शेजारच्या बाया मला बघायला आल्या, जणू मी एखादा दागिनाच.

पण झोप लागली की बाळाचं तोंड सैल होतं आणि मी गळून पडते. मग बाळ जागं होतं. दिवस कापूस वेचणीचे होते, सगळ्यांना वेचायला हात मोकळे हवे होते. मी पडले की जो तो आपली अक्कल पाजळी.

आजी पारुबाईने मला गुळाच्या पाण्यात बुडवलं. झोप आली नाही, मुंग्या आल्या. शेजारची शिला म्हणाली, "काळ्या दोऱ्यानं गळ्यात बांधा की, म्हंजी हरवत न्हाई."

"गळ्यात? फास लावता का माझ्या लेकराला?" असं म्हणून रणजीतची आई पुजा हिने दोरा तोडून टाकला. त्या घरात अक्कल तिलाच होती, पण दिवसभर ती कापसाच्या सऱ्यांत असे.

सगळ्यांत थोर डोकं आजोबा पेमाचं. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं. बैलाला लागू पडतं ते माणसालाही पडतं, अशी त्याची पक्की समजूत. मळणीच्या वेळी बैलाने धान्य खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला दोरीचं जाळं बांधतात. ते मुसकं. एके दुपारी वावरात, बाभळीला बांधलेल्या झोळीपाशी बसून पेमाने धोतराची पट्टी फाडली, तिला भोक पाडून मला त्यात अडकवलं आणि रणजीतच्या डोक्यामागे गाठ मारली.

पाणी प्यायला आलेली पारुबाई म्हणाली, "अवो, लेकरू हाय ते, गोऱ्हा न्हाई."

"गोऱ्हा बी आधी मान हलवतो. मंग गप होतो. तू जा, कापूस वेच."

ती हसली आणि गेली.

रणजीतला सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं आणि तोंडात मी. त्याने मला जिभेने ढकललं. मी जाणार कुठे? त्याने डोकं हलवलं, झोळी हलली. खेळतंय असं समजून पेमाने वर एक झोका दिला. गाभण गाईचं दुखणं हा माणूस लांबून ओळखत असे, पण हाताशी असलेल्या नातवाचा श्वास त्याला ओळखता आला नाही. हळूहळू हालचाल थांबली.

"पहा, कसा झोपून राहिला," पेमा खुशीत म्हणाला.

दूध पाजायला येणाऱ्या पुजाने ते ऐकलं. "आज काहून इतका गप?" तिने झोळी उघडली. रणजीतचे ओठ निळे पडले होते. गाठ बैलाची, ओढली की जास्तच आवळे. पुजाने बोट खुपसून सगळी पट्टीच कपाळावरून वर ओढून काढली. मी मातीत पडले. रणजीतने श्वास घेतला, आणि असा टाहो फोडला की दूरच्या सऱ्यांतल्या बाया उठून उभ्या राहिल्या.

पेमा झोळीकडे हात नेऊ लागला, तशी पुजा म्हणाली, "रडू द्या बापू. रडतंय म्हंजी जित्तं हाय."

तिने पदराने त्याचं नाक पुसलं, त्याला खांद्यावर उभं धरलं आणि सावलीत फेऱ्या घातल्या. तो तिथेच झोपला. तोंड उघडं, मोकळं.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं भावंड रडलं तर आधी त्याचं नाक बघा, भूक बघा, त्याला उचलून घ्या आणि मोठ्यांना हाक मारा. मला कुणाच्या गळ्यात किंवा तोंडावर बांधू नका. आणि कुणी बांधत असेल तर तो कितीही वडीलधारा असो, त्याला अडवा.

त्या संध्याकाळी सगळे कापसाची गाठोडी घेऊन तांड्याकडे निघाले. मी बाभळीखाली मातीत तशीच पडून होते. मला उचलायला कुणी आलं नाही. माझ्या बाबतीत त्या घराने केलेलं शहाणपणाचं काम तेवढं एकच.