सातवी मेणबत्ती

त्या वर्षी जूनच्या शेवटी सरकारनं साऱ्या देशाचं वय कमी केलं. जन्मल्याबरोबर मूल एक वर्षाचं धरायचं आणि दर नव्या वर्षाला सगळ्यांनी मिळून एकेक वर्षानं मोठं व्हायचं, ही बापजाद्यांची रीत कागदोपत्री बंद झाली. आता ज्याचं वय त्याच्या वाढदिवसाला. बुसान शहरातल्या बायका खूश झाल्या, चाळिशी ओलांडलेल्या तर फारच. मिरानची अजून पस्तिशीही आली नव्हती, पण तिच्याइतका आनंद कुणालाच झाला नसेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. हिला सरकारनं ओंडकाच दिला.

तिचा नवरा सांगचोल दूर दक्षिणेच्या समुद्रात, ट्यूना मासे पकडणाऱ्या जहाजावर होता. जाताना लेकीला, हारिनला, सांगून गेला होता, "तू सात वर्षांची झालीस की बाबा घरी." आणि जुन्या हिशेबानं हे वर्ष तिचं सातवं. पण जहाजावर बदली माणूस मिळेना, कंपनीनं आणखी एक वर्ष थांबायला सांगितलं आणि हा शहाणा 'हो' म्हणून मोकळा झाला. लेकीला सांगायचं काम अर्थातच बायकोकडे. ती शब्द जुळवत बसली होती, तेवढ्यात टीव्हीवर वयाची बातमी लागली.

"ऐकलंस का हारिन," ती भात वाढता वाढता म्हणाली, "सरकारनं सगळ्यांची वयं कमी केलीत. तू यंदा सहाचीच होणार. सात पुढच्या वर्षी."

हारिननं चमचा खाली ठेवला. "म्हणजे बाबापण पुढच्या वर्षी?"

"मग काय. सरकारपुढे कुणाचं चालतंय."

हारिननं जरा विचार केला आणि पुन्हा जेवायला लागली. रडारड नाही, हट्ट नाही. मिरानला इतकं हलकं वाटलं की भांडी घासताना ती चक्क गुणगुणली. नंतर स्वतःचीच लाज वाटली, पण तोवर गुणगुणून झालं होतं.

त्या दिवसापासून हारिननं कायदा असा पाळला, की मंत्र्यानंही पाळला नसेल. भाजीवालीनं वय विचारलं की म्हणायची, "पाच. नोव्हेंबरात सहा." वरच्या मजल्यावरचा गॉनू तिच्याच वर्गातला, त्याच्या घरी मात्र कायदा पोचलेला नव्हता. तो म्हणाला, "मी सात, तू पाच. मला दादा म्हण." आणि ही म्हणाली. हारिनच्या आजीनं, म्हणजे मिरानच्या सासूबाईंनी, ते जिन्यात ऐकलं.

"ते शेंबडं पोर तुझा दादा? अगं, त्याचं नाक तू पुसायचीस."

"तो मोठा आहे, आजी," हारिन म्हणाली.

वाढदिवसाला मिराननं दरवर्षीसारखा राइस कुकरमध्ये केक केला. घरात ओव्हन नव्हता आणि विकतचा केक हारिनला चालत नसे. उकडलेलं रताळं क्रीममध्ये घोटून दोन थरांमध्ये भरलं, बाहेरून केकचाच चुरा थापला. यंदा तो एका अंगानं कलला. मिराननं कललेली बाजू भिंतीकडे केली. हारिनचा तीन वर्षांचा भाऊ थेओ टेबलाखाली बसून सांडलेला चुरा खात होता, त्याची काही तक्रार नव्हती.

सासूबाई डबा घेऊन आल्या. डब्यात लाल चवळीच्या भरड्यात घोळलेले ज्वारीचे गोळे. मूल दहाचं होईपर्यंत दर वाढदिवसाला ते हवेतच, नाहीतर दृष्ट लागते. डबा ठेवून त्यांनी केक पाहिला, मेणबत्त्या मोजल्या आणि पुडक्यातली आणखी एक काढून खोचली.

"आई, सहाच," मिरान म्हणाली. "कायदा आहे."

"कायदा घाल चुलीत. पोटातलं वर्ष काय सरकारनं काढलं? तुझ्याच पोटात होती ना पोरगी?"

सांगचोलच्या न येण्याचं खापर मिराननं वयाच्या कायद्यावर फोडलं होतं, हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं. मुलगा उशिरा येणार एवढंच त्यांना माहीत. आता म्हातारी सगळं अंगाशी आणणार, असं तिला वाटलं.

पण हारिननंच हात पुढे करून सातवी मेणबत्ती उपटली, बुडाचं क्रीम चाटलं आणि ती टेबलावर आडवी ठेवली.

"सहा," ती म्हणाली.

"बरं. बालवाडीत तुझ्या वर्गाच्या दारावर काय लिहिलंय?" आजीनं विचारलं.

"सात वर्षांचा वर्ग."

"मग तू किती वर्षांची?"

हारिननं आईकडे पाहिलं. मग आजीच्या कानाशी गेली, पण तिचं कुजबुजणं घरभर ऐकू जाई. "सात. मला माहितीये. पण सात लावल्या आणि बाबा आले नाहीत, तर बाबा खोटारडे होतील ना. म्हणून सहा."

इतके महिने पोरीला आपण समजावलं असं मिरान धरून चालली होती. सांभाळून घेत होती ती पोरगीच, आणि तेही त्या गॉनूला दादा म्हणत म्हणत.

मिराननं आडवी पडलेली मेणबत्ती उचलली आणि केकच्या मधोमध खोचली.

"तू सात वर्षांची आहेस," ती म्हणाली. "बाबांनी शब्द दिला आणि मोडला. सरकारचं नाव घेऊन खोटं बोलले ते मी. तुला त्यांचा राग आला तरी चालेल. माझाही."

हारिन केकसमोर उभी राहिली. मग तिनं तोंड उघडलं आणि असं भोकाड पसरलं, की वरच्या मजल्यावरून गॉनूच्या आईनं खिडकी उघडून काय झालं म्हणून विचारलं. मिराननं तिला उचलून घेतलं. सात वर्षांची पोर चांगलीच जड झाली होती.

आजीनं डोळे पुसत मेणबत्त्या पेटवल्या. हारिन काही थांबेना. शेवटी थेओच खुर्चीवर चढला आणि सातही मेणबत्त्या त्यानं विझवल्या. त्याला कुणी रागावलं नाही.